मागण्याचं काम

माझ्या चष्म्याची दांडी भर रस्त्यात निखळली आणि समोर जे पहिलं दुकान अंधुक दिसलं त्यात मी शिरले. माझं नशीब बरं, दुकान चष्म्यांचंच निघालं.

काउंटरमागे एक निळा शर्ट होता आणि त्यातून एक शांत आवाज येत होता. माझ्या हातातली शकलं घेऊन त्याने बारीकसा स्क्रू बसवला. "हलू नका हं," म्हणत चष्मा माझ्या नाकावर ठेवला, दांडी कानामागे जराशी दाबली... आणि मग तो मला दिसला. दाट भुवया, डोळ्यांत आधी आणि ओठांवर नंतर येणारं हसू. मी घाईने नजर वळवली, तर दुकानभर आरसे. जिकडे बघावं तिकडे लाजलेली मीच!

माझ्या पिशवीवर आमच्या संस्थेचं नाव होतं. दृष्टिहीनांसाठी आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, आणि देणगीदारांशी बोलणं हे माझं काम. पिशवीकडे बघत तो म्हणाला, "तुमच्याकडे मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवतो."

मी आभाराचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "फक्त एक विनंती. पत्रात मला 'आदरणीय भगिनी' लिहू नका."

"काय?"

"बरीच वर्षं लिहिताय. मला सवय झालीय. पण आई फार हसते."

त्याचं नाव बाईचं आणि पुरुषाचं, दोघांचंही असू शकेल असं. कुणीतरी न विचारताच ठरवून टाकलं होतं, आणि त्या 'कुणीतरी'मध्ये मीही होते. धरणीने पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेले असते.

ऑफिसात येऊन ताईंना सांगितलं. ताई म्हणजे संस्थेच्या प्रमुख, पण मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तो का देतो गं?" मला माहीत नव्हतं.

"भगिनी लिहिलंस ते दुरुस्त होईल. पण का देतो ते माहीत नाही, ही खरी चूक. देणारा म्हणजे विहीर नव्हे, तहान लागली की पोहरा घेऊन जायला. जाऊन ये. आणि काही मागू नकोस."

मी गेले. मला बघताच त्याने काय हवंय ते विचारलं. काही नको म्हटलं तर विश्वास ठेवेना.

"संस्थांना आम्ही कामापुरते मामा असतो," तो म्हणाला.

"भगिनीवरून एकदम मामा? बढती मिळाली की तुम्हाला."

तो मनापासून हसला आणि दुकानामागच्याच घरातून स्टूल आणून दिलं. मग काचा पुसता पुसता त्याने वडिलांचं सांगितलं. त्यांनी अख्ख्या वस्तीला चष्मे करून दिले आणि त्यांचीच नजर हळूहळू गेली. दुकानात ढीगभर काचा, पण बाबांना एकही चालेना. शेवटी शेवटी ते आमच्या रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांवरच जगले. ते गेल्यावरही याने पैसे थांबवले नाहीत. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, की आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी जात राहिले. कधी नव्या पुस्तकाची बातमी, कधी एखाद्या श्रोत्याने धाडलेला निरोप... आणि कधी कारण शोधायचा कंटाळा आला म्हणून नुसतीच. एकदा त्याला आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत वाचायला बसवलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. वाचताना अडखळला की मी लाल दिवा लावायचे.

"चुकलं की दिवा लावता," तो माइकमधूनच म्हणाला, "आणि बरोबर असलं की?"

"बरोबर असलं की... बघत बसते."

त्या पानावर तो नंतर इतक्यांदा चुकला, की शेवटी ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं.

आणि मग ताईंनी काम सांगितलं. विद्यार्थ्यांची पुस्तकं परीक्षेआधी तयार होत नव्हती, रेकॉर्डिंगची आणखी एक खोली बांधायलाच हवी होती. संस्थेच्या जवळच्या माणसांना मोठ्या देणगीसाठी विचारायचं ठरलं. त्यात तोही होता, आणि त्याला मीच विचारायचं होतं.

विचारलं, तर आजवरच्या सगळ्या दुपारी या एका मागणीची तयारी होत्या असं त्याला वाटणार. न विचारावं, तर ती परीक्षेला बसणारी मुलं? मी विचारलं. खालमानेने, पण विचारलं.

तो बराच वेळ एकच काच पुसत राहिला. मग म्हणाला, की भाड्याची ही जागा तो विकत घेतोय, सगळे पैसे त्यात अडकलेत, आत्ता जमणार नाही. आणि अगदी हळू विचारलं, "मग आता... तुम्ही येणार नाही?"

येईन, एवढाच शब्द हवा होता. पण येईन ती कोण म्हणून? संस्थेची म्हणून की माझी म्हणून? मी गोंधळले आणि तोंडातून निघालं, "बघते."

देणगी टाळणारी माणसं आम्हाला हाच शब्द ऐकवतात. त्याचा अर्थ त्यालाही ठाऊक होता. "समजलं," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. मी रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

सकाळी ताईंसमोर जाऊन उभी राहिले. "चष्मेवाल्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या."

"नाही म्हणाला म्हणून?"

"नाही, ताई. मला त्यांच्याकडे माझ्यासाठी काहीतरी मागायचंय. संस्थेसाठी आणि स्वतःसाठी एकाच तोंडाने नको."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग इथे काय करतेयस?"

मी दुकानात पोचले तेव्हा तो एकटाच होता. त्याने बसा म्हटलं नाही. आमच्या ऑफिसातून फोन आला होता, यापुढे त्याच्याशी दुसरं कुणीतरी बोलणार होतं, हे त्याने कोरडेपणाने सांगितलं.

"मग तुम्ही आता काय मागायला आलात?"

"मागायला नाही... मागणी घालायला."

त्याच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. मागणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. नकार मी ढिगाने पचवलेत, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "देणगी दिलीत तरी, नाही दिलीत तरी. काल 'बघते' म्हटलं ते खोटं होतं. बघायचं काही उरलंच नव्हतं. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा, त्याची मला सवय आहे... म्हणजे, तुमच्याकडून नाही."

त्याने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. मग विचारलं, "विचार करायला वेळ देता ना तुम्ही लोक?"

"देतो. हवा तेवढा."

"मला नकोय," तो म्हणाला. त्याने काउंटरची फळी उचलून धरली. "चल, आत ये. आईला तूच सांग, मला नाही जमायचं."

आजवर त्याने मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आत्ता म्हटलं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.