कावळ्याचं 'आठे'

"गायत्री, तुझा कावळा कापडावर बसलाय," ललित म्हणाला.

"माझा कावळा पुठ्ठ्यावर बसतो. उगाच थट्टा नको."

पण पर्वत पाटिया भागातल्या त्या कापडदुकानात तो खरंच कापडावर छापून टांगलेला होता. तीच तिरकी मान, तोच गळ्यातला मफलर, चोचीखाली तीच चप्पल. धाकट्या मयुरीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला सुट्टीत तिघं भावंडं आली होती, आणि गायत्रीचे पाय उंबऱ्यातच थिजले.

रांगत होती तेव्हापासून ती रेघा ओढायची. कोळशानं फरशीवर, खडूनं दारावर, मग साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. हरवलेल्या वस्तू शोधणाऱ्या कावळ्याची अख्खी चित्रकथा तिनं काढली होती. शेजारचे गणपतकाका परभणीचे. छगनशेठच्या कापडछपाईच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. ब्रश धरायला त्यांनीच तिला शिकवलं. "शेठला दाखवतो, पोरी," म्हणत तिचे पुठ्ठे नेले, आणि मग म्हणाले, "बसमध्ये राहिले गं."

गादीवर छगनशेठ बसले होते, आणि शेजारी नवे नमुने घेऊन गणपतकाका.

"शेठ, हा कावळा कुणी काढला?" ललितनं विचारलं.

"आपणा गणपतभाईए. बहु चाले छे, खूप खपतं."

आता काका सांगतील, गायत्रीला वाटलं. आता सांगतील. काका चष्मा पुसत राहिले.

"काका, तुम्ही काढला?" गायत्रीनं विचारलं.

"हो... म्हणजे कावळे काय, सगळे सारखेच."

गायत्री दाराकडे वळली, तोच मयुरी कापडाला नाक लावून वाचू लागली, "बे आठे सोळा. ताई, हा पाढे म्हणतोय!"

गायत्री थांबली. तिनं तर कावळ्याच्या तोंडी नुसतं 'आठे' लिहिलं होतं. ललितनं तिला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

"वा काका, पाढ्याची युक्ती झकास आहे हं," तो म्हणाला.

काका खुलले. "लहान मुलांचं कापड ना! नुसतं 'आठे' अर्धवट वाटत होतं, म्हणून मी पाढा पुरा केला."

"मग पाढे म्हणणाऱ्या कावळ्याच्या चोचीखाली चप्पल कशाला?"

काका हातातले नमुने चाळू लागले.

"शेठ," गायत्री हळूच म्हणाली, "आमच्या घरी अहिराणी बोलतात. 'आठे' म्हणजे इथं. हरवलेली चप्पल सापडली, म्हणून माझा कावळा सांगतोय, इथं आहे."

शेठनी कापड जवळ ओढून नीट पाहिलं. "गणपतभाई, साची वात? खरं आहे हे?"

काकांची मान खाली गेली.

"बेटा, हवे तारुं नाम छपाशे," शेठ म्हणाले. आता कापडावर तिचं नाव छापलं जाणार होतं.

संध्याकाळी तिच्या वडिलांनी, बन्सीलालबाबांनी, ही हकिकत साऱ्या चाळीला ऐकवली. "मनी आंडेर, माझी लेक," म्हणत त्यांची छाती फुगली होती. बाया गायत्रीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. तेवढ्यात काका दारात आले.

"उद्या येशील ना शिकायला?"

"काका, तुम्ही मागितला असता ना, तर मी दिला असता."

काका मागं वळून आपल्या खोलीत गेले. गायत्री नवा पुठ्ठा घेऊन बसली.

"ताई, आता कावळा काय शोधणार?" मयुरीनं विचारलं.

"काही नाही," गायत्री म्हणाली. "आज त्याला रडू दे."