गळ्यातली दुर्बीण

“पहिली खोट निघाली ती दुर्बिणीत,” काका म्हणाले आणि गच्चीवरचा दिवा त्यांनी स्वतःच उठून मालवला. “माझ्या मित्राच्या मुलीची गोष्ट. तिच्याच तोंडून ऐकलेली. मध्येच कुणी हसायचं नाही.”

मुलगी चांगली शिकलेली, पण पक्की भित्री भागूबाई. मैत्रिणी तिला ससुली म्हणायच्या. गेल्या डिसेंबरातल्या अमावास्येला चौघी समुद्रावर गेल्या होत्या, पक्षी आणि डॉल्फिन बघायला. बोटीत बसल्यावर ससुलीने पिशवीच्या तळातून चौघींतली एकुलती दुर्बीण काढली, डोळ्यांना लावली आणि दचकली. काचेभोवतीचं रबर कोमट होतं. ओलसर. नुकतेच कुणीतरी त्यावरून डोळे काढून घेतल्यासारखं.

“उन्हाने तापली असेल गं,” तिची जिवलग मैत्रीण म्हणाली. ही बँकेत नोकरीला. “तू ना, स्वतःच्या सावलीलाही ‘कोण आहे’ म्हणून विचारशील!”

बोट लागली ते बेट म्हणजे नुसता काळा खडक, पक्ष्यांनी पांढरा झालेला. डॉल्फिनही दिसले. दुपार कशी गेली कळलं नाही. बँकवालीने एकदाच ससुलीची दुर्बीण घेतली आणि मागे वळवली, किनाऱ्यावरच्या धक्क्याकडे.

“अगं, तिथे एक बाई उभी आहे. दुर्बीण लावून आपल्याकडेच बघतेय.”

ससुलीने दुर्बीण परत गळ्यात अडकवून पाहिलं. धक्का रिकामा होता.

परतताना बेटावरची आणखीही माणसं घ्यायची होती आणि बोट लहान, म्हणून नावाड्याने दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत आलेल्या ससुलीला वाटलं, बँकवाली मागून येतेय. मागून आलेल्या दोघींना वाटलं, ती केव्हाच पुढे गेली. अंधार पडला होता, बाकीची माणसं निघून गेली होती आणि धक्क्यावर तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

नावाड्याचा चेहरा उतरला. “ताई, भरती लागलीय. त्या खडकावर उभं राहायला जागा उरत नाही.”

दोघी टॉर्च घेऊन बोटीत चढल्या. ससुली एक पाऊल मागे सरली.

“मी... मी फोन लावत राहते.”

इंजिनाचा आवाज लांब गेला. मग तोही नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. फक्त तिच्या हातातल्या फोनचा उजेड.

रिंग वाजली. कुणी उचलला नाही.

पुन्हा लावला. धक्क्याची आणखी एक पायरी पाण्याखाली गेली.

पुन्हा.

मागे फळी करकरली. लाटेने असेल... ती वळली नाही.

पुन्हा. “उचल ना गं... उचल...”

मानेवर गार वारा आला. वारा तर पडला होता.

पुन्हा...

उचलला.

“अगं, कुठे आहेस? बोट निघालीय! वर चढ, उंचावर!”

पलीकडे लाटा. धाप. मग मैत्रिणीचा आवाज, अगदी हळू.

“दिसतेयस तू मला... दुर्बिणीतून. अगदी जवळ.”

“काय बोलतेयस?”

“हलू नकोस, ससुले. दुपारची ती बाई... तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी आहे.”

ससुलीचा हात आपसूक छातीशी गेला. दुर्बीण तिच्याच गळ्यात होती. दुपारपासून तिथेच.

रबर कोमट लागलं.

ओलसर.