तळ्यावरची डुलकी

वहिनीने तिला जवळजवळ ढकलूनच रविवारच्या सहलीच्या बसमध्ये बसवलं होतं. "डोंगरातलं तळं बघून ये. घरात बसून चेहरा उतरलाय नुसता."

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा रात्र रात्र जागायची सवय लागली, ती आई गेल्यावरही सुटली नव्हती. दिवसा शाळेत शिकवायचं, रात्री छताकडे बघत पडायचं.

पहिल्याच चढावर पाय बोलायला लागले. बाकीची मंडळी पुढे गेली, ती एका दगडावर टेकली... तेवढ्यात मागून बसचा ड्रायव्हर धापा टाकत वर आला. हातात तिची पाण्याची बाटली.

"सीटवर राहिली होती, मॅडम."

"मॅडम नका म्हणू. शाळेत दिवसभर तेच ऐकते."

"मग काय म्हणू?" तो कपाळ पुसत म्हणाला. "ताई तर मी म्हणणार नाही."

हसू लपवायला तिने बाटली तोंडाला लावली.

इतकी वर्षं लोकांना पायथ्याशी सोडून तो बसमध्येच आडवा व्हायचा. तळं त्यानेही पाहिलं नव्हतं. "आलोच आहे इथवर, तर..."

दोघंही दमलेली, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. ओल्या उतारावर त्याने हात दिला. उतार संपला, तरी तो सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही — निदान तसं दोघांनी दाखवलं.

तळं करडं, गप्प होतं. काठावर बसून ती आईबद्दल बोलत राहिली, तो ऐकत राहिला. बोलता बोलता तिचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, बाकीची मंडळी कधीच खाली उतरून गेली होती. अंगावर त्याचं जाकीट, आणि तो वाऱ्याच्या बाजूला आकसून बसलेला.

"बस कधीच सुटायला हवी होती ना? उठवलं का नाही?"

"इतक्या दिवसांनी झोपलात... माझा हात धजला नाही."

खाली बसपाशी सगळे वैतागले होते. एक काका तक्रार करायला निघाले होते, आणि तक्रार म्हणजे त्याच्या नोकरीवरच गदा.

"इंजिन जरा..." त्याने सुरुवात केली.

"इंजिन ठीक आहे," ती पुढे होऊन म्हणाली. "मला झोप लागली, म्हणून हे थांबले. बोलायचं ते मला बोला."

वर्गातला आवाज होता तो. काका पुटपुटत आत जाऊन बसले.

ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. आरशात नजरानजर झाली, चुकली, पुन्हा झाली. घाट उतरेपर्यंत मागे सगळे पेंगले होते.

"तुम्ही आवडलात मला," तो समोर बघतच म्हणाला. "दमलेल्या माणसाला आडून आडून बोलणं जमत नाही."

तिने पुढे वाकून त्याच्या सीटच्या दांडीवर हात टेकले.

"मीही दमलेय," ती म्हणाली. "तेव्हा एकदाच सांगते... मलाही."

तिच्या स्टॉपवर दादा स्कूटर घेऊन उभा होता. ती उठली, पायरीवर आली आणि तिथेच थांबली.

"दादा, तू हो पुढे. मी शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येते."

दादाने काही विचारायच्या आत तिने दार ओढून घेतलं.

"हळू चालवा," ती म्हणाली.