कातरणीनंतरचे चेहरे

सकाळी सव्वासात वाजता पाझर तलावाच्या काठी दोन कळप एकमेकांत मिसळले. एक लवट्यांचा, दुसरा शेंडग्यांचा. दोन्ही कळपांची लोकर आदल्या दिवशी कातरून झाली होती आणि त्यांना वेगळे ठेवणारा राखण्या तलावाच्या बांधावर नुसता उभा होता.

राखण्या म्हणजे चार पायांचा यंत्रमानव. २०५८ साली माणदेशात असे यंत्रमानव बऱ्याच कळपांमागे चालत. कानातल्या चिपा बाभळीत अडकून मेंढ्यांचे कान फाटायचे, म्हणून दोन्ही घरांनी त्या काढून टाकल्या होत्या. मेंढी पाहून ती कोणाची हे सांगायला राखण्याला शिकवले होते बारा वर्षांच्या शेवंता लवटेने. वर्षभर त्याने एकही चूक केली नव्हती. त्या सकाळी मात्र प्रत्येक मेंढीपुढे थांबून तो एकच वाक्य म्हणत होता, "ही कोणाचीच नाही."

शेवंताचे आजोबा, डॉक्टर सोपान लवटे, पुण्याला यंत्रांना चित्रे ओळखायला शिकवण्यात हयात घालवून गावी परतले होते. घरचे त्यांना आबा म्हणत. आबा आणि त्यांचे बालमित्र धोंडीतात्या शेंडगे असे दोघे म्हातारे काठ्या घेऊन कळपात शिरले आणि चेहरे पाहून मेंढ्या वेगळ्या करू लागले. दुपारपर्यंत बाकी सगळ्या आपापल्या कळपात गेल्या. उरल्या दोन. दोन्ही तरण्या, पांढऱ्या, तोंडाने तपकिरी, दोन्ही गाभण.

त्यातली एक शेवंताची चांदणी. ती जन्मली तेव्हाच आबांनी ती नातीच्या नावे केली होती. तिची पिल्लेही शेवंताचीच होणार होती. दुसरी धोंडीतात्यांनी आठवड्यापूर्वी बाजारातून आणलेली. तिचा चेहरा अजून कोणाच्याच ओळखीचा नव्हता. शेवंता दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली. चांदणीच्या मानेवर टोकाशीच काळ्या लोकरीचा झुपका होता, त्यावरून ती आणि आबाही तिला लांबूनच ओळखायचे; चेहरा कोणी नीट पाहिला नव्हता. तो झुपका आता पोत्यात गेला होता. नावाने हाक मारली तर दोघीही आल्या, कारण तिच्या हातात भाकरी होती.

धोंडीतात्यांचा कळप दुसऱ्या दिवशी पहाटे घाटाखाली चरायला निघायचा होता. तो पावसाळ्याच्या तोंडी परतणार. चुकीची मेंढी त्यांच्याबरोबर गेली, तर चांदणीचे पहिले कोकरू शेवंता पाहूच शकणार नव्हती.

"काय रं सोपान्या," तात्या म्हणाले, "तुझ्या यंत्रालाबी मोतीबिंदू झाला का?"

"तुझा काढला त्याच डॉक्टरला दाखवतो," आबा म्हणाले आणि राखण्याला घेऊन गोठ्याकडे वळले.

वाटेत त्यांना आपली आई आठवली. तिन्हीसांजेला कळप परतला की दिवसभर मागे ठेवलेली कोकरे एकदम ओरडू लागत. आई जाळीच्या कुंपणाशी बसून एकेक कोकरू उचले आणि नेमक्या त्याच्या आईच्या कासेला लावी. ओल्या लोकरीचा वास, चुलीचा धूर, आणि शेकडो आवाजांमध्ये तिचे ते न चुकणारे हात. कसे ओळखतेस, असे सोपानने एकदा विचारले होते. "बघून," एवढेच ती म्हणाली होती. आबांना वाटे, पुढची सगळी नोकरी आपण त्या एका शब्दाचा अर्थ शोधण्यात घालवली.

गोठ्यात शेवंता रडवेली झाली होती. राखण्याला शिकवताना तिने सगळ्यांत मोठे न्यूरल नेटवर्क (उदाहरणे पाहून स्वतःला दुरुस्त करत शिकणारे गणितांचे जाळे) निवडले होते. मोठे म्हणजे हुशार, असा तिचा हिशेब. आबांनी राखण्याला त्याचे जुने निर्णय पडद्यावर दाखवायला सांगितले. निर्णय घेताना त्याने चित्राचा जो भाग पाहिला, तो केशरी उजळायचा. प्रत्येक चित्रात मेंढीची पाठ उजळली. तोंड अंधारात.

शेवंताला क्षणात उमगले. कातरणी झाली की मेंढ्या धुवायच्या आणि तिसऱ्या दिवशी पाठीवर रंग लावायचा, लवट्यांचा निळा, शेंडग्यांचा तांबडा, ही दोन्ही घरांची जुनी रीत. रंगवलेल्या मेंढ्या देखण्या दिसतात, म्हणून तिने सगळे फोटो रंग लावल्यावरच काढले होते.

"म्हणजे तो मेंढ्या ओळखायला शिकलाच नाही," ती म्हणाली. "रंग ओळखायला शिकला."

"आणि तू काळा झुपका," आबा म्हणाले. "सोपी खूण मिळाली की अवघड कोण शिकतंय?"

मग त्यांनी तिला अल्गोरिदम (काम करण्याची ठरवून दिलेली रीत) कसा निवडतात ते सांगितले. आधी अल्गोरिदमचे नाव पाहायचे नाही, आपले काम पाहायचे. आपल्याकडे फोटो किती? चांदणीचे तेवीस, तात्यांच्या मेंढीचा बाजारात काढलेला एकच. एवढ्यावर कोरे नेटवर्क शिकवले तर ते फोटो पाठ करील. नवा फोटो दाखवला की गोंधळेल. मग निर्णयवृक्ष (एकामागून एक हो-नाहीचे प्रश्न विचारत उत्तराला पोचणारी रीत) घ्यावा का? तो आपले कारण सांगू शकतो, हा त्याचा मोठा गुण. पण कान किती लांब, कपाळ किती रुंद, हे आधी कोणीतरी मोजून द्यावे लागते, आणि कातरणीने बिथरलेली मेंढी मोजपट्टी जवळ येऊ देत नाही.

तिसरी रीत 'जवळचा शेजारी'. नवा फोटो ओळखीच्या सगळ्या फोटोंशी ताडून पाहायचा. ज्याच्याशी सर्वांत जुळेल, त्याचे नाव द्यायचे. मेंढीचा एक फोटो असला तरी ही रीत चालते. उद्या नवे कोकरू जन्मले तर त्याचा फोटो जोडला की झाले, सगळे पुन्हा शिकवायला नको.

शेवंताने लगेच करून पाहिले. राखण्याने चांदणीच्या सावलीतल्या जुन्या फोटोची जोडी सावलीतल्या बोकडाशी लावली. मागोमाग गोठ्यात आलेले धोंडीतात्या खोकला येईपर्यंत हसले.

फोटोतल्या ठिपक्याला ठिपका ताडला की ऊन-सावली फसवते, आबांनी समजावले. म्हणून लाखो प्राण्यांच्या चित्रांवर आधीच शिकलेले नेटवर्क उसने आणायचे. त्याचे शेवटचे उत्तर टाकून द्यायचे, पण चेहरा पाहून ते जी आकड्यांची रांग बनवते, ती ठेवायची. या आकड्यांना वैशिष्ट्ये (चेहऱ्याचा आकार, ठेवण, खुणा यांचे गणिती रूप) म्हणतात. मग शेजारी शोधायचा तो या आकड्यांमध्ये. शेवंताने जुन्या फोटोंतली फक्त तोंडे कापून घेतली. पाठ नको, रंग नको.

"आता दोघींना आणते," ती उठली.

"थांब. तो बरोबर सांगतोय हे तुला कसं कळणार?"

तिने थोडा विचार केला. म्हाताऱ्यांनी सकाळी ओळखलेल्या मेंढ्या होत्याच. त्यांचे कातरणीनंतरचे फोटो राखण्याने कधी पाहिले नव्हते, आणि उत्तरे पक्की ठाऊक होती. त्यांतल्या दहा घेतल्या. राखण्याने नऊ अचूक ओळखल्या. दहावीला चुकला, तेव्हा दोन उत्तरे जवळजवळ सारखीच जवळ होती. म्हणून आबांनी शेवंताला राखण्याला आणखी एक उत्तर शिकवायला लावले. फरक फार कमी असेल तर 'माहीत नाही' म्हणायचे.

साडेपाचला दोन्ही मेंढ्या राखण्यापुढे उभ्या केल्या. डावीकडची चांदणीच्या फोटोंना अधिक जवळ निघाली. फरक मात्र केसाएवढा होता. पडद्यावर उमटले, 'माहीत नाही.'

शेवंताने आबांकडे पाहिले. किती फरक पुरे, ती मर्यादा थोडी खाली आणली असती, तर राखण्या हवे ते नाव बोलला असता. तिचे बोट पडद्याजवळ गेले आणि मागे आले.

धोंडीतात्यांनी पडद्यावरचे वाचले. मग म्हणाले, "दुसऱ्याची मेंढी घेऊन वाट धरायची न्हाई, आमच्यात तसं चालत न्हाई. दोघी ठेव पोरी. पावसाच्या टायमाला माझी मला दे."

पहाटे त्यांचा कळप निघाला. घुंगरांचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी आबा बांधावर उभे होते. लहानपणी त्याच वाटेने ते आईच्या मागे चालत गेले होते. आता त्यांचे गुडघे ऐकत नव्हते. शेवंता मात्र कामाला लागली होती. डावीकडे उभी होती तिच्या गळ्यात खुणेसाठी तिने सुतळी बांधली होती. रोज वेगवेगळ्या उजेडात ती दोघींचे फोटो काढू लागली. तात्यांनीही बाजारातल्या विक्रेत्याकडे त्यांच्या मेंढीचे आणखी फोटो मागितले. दोन मिळाले, त्यांतला एक अंधूक.

पौषात दोघींपैकी डावीकडच्या, सुतळीवाल्या मेंढीला कोकरू झाले. त्याच दुपारी शेवंताने त्याचा पहिला फोटो काढला, चिखलासकट. घाटाखालून तात्यांचा फोन आला, कोकरू कोणाचे ते विचारायला. शेवंताने सांगितले की फरक थोडा वाढला आहे, डावीकडचीच चांदणीच्या फोटोंच्या जवळ आहे, पण मर्यादा अजून ओलांडलेली नाही.

कोकरू उभे राहिले असून दूध पीत आहे. त्याच्या मालकाच्या रकान्यात राखण्याने अद्याप नाव भरलेले नाही.