चारशे सदतीसच्या पुढे

खोनकेन शहरापासून दीड तासावरच्या त्या गावात मी सिनेमा बघायला गेलो होतो. एप्रिलचा पहिला आठवडा होता. सोंगक्रानचा, आमच्या नववर्षाचा सण आठ दिवसांवर आला होता. लुंग तेमने निरोप धाडला होता : "'बोडक्यांची पलटण' लावतोय. ये. कामाचं आहे."

हा सिनेमा मी अकरा वेळा पाहिला होता. छावणीतले विनोदी सिनेमे ही माझी लहानपणापासूनची खोड. डोकी भादरलेले गावठी रंगरूट, मिशाळ सार्जंट, उलटी धरलेली बंदूक, आमटीच्या पातेल्यात पडलेली टोपी. हसून हसून पोट दुखायचं. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लिहिलं होतं, 'या सिनेमांनी आम्हाला सैनिकावर प्रेम करायला शिकवलं' म्हणून. लोकांनी पत्रं पाठवून कौतुक केलं होतं. ते कात्रण मी नंतर जाळलं. का, ते सांगतो.

लुंग तेम म्हणजे तेमकाका. जुन्या काळी आमच्याकडच्या सिनेमांच्या रिळांना आवाज नसे. पडद्याशेजारी माईक घेऊन एक माणूस बसे आणि नायक, नायिका, कुत्रा, पाऊस, सगळ्यांचे आवाज तोच काढी. त्या धंद्यातले उरलेसुरले जे दोनचार जण होते, त्यातला हा. सत्तरी उलटलेली, दात चार, आवाज चाळीस.

"काय पत्रकार," मला बघताच तो म्हणाला, "खोटंच छापता ना अजून?"

"खोटं पहिल्या पानावर, लुंग. खरं छपाईच्या आधीच टोपलीत."

तो हसला नाही. त्याने हनुवटीने मैदानाकडे खूण केली.

गावाबाहेर राईत राखणदाराचं ठाणं आहे. लाकडी खांबांवरचं लहानसं घर, पुढे उदबत्त्यांची राख. त्याच्यासमोर पांढरा पडदा ताणला होता. पडद्यापुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, रिकाम्या. प्रत्येक खुर्चीपुढे लाल सरबताची उघडी बाटली, तिच्यात नळी. नवसाचा खेळ असला की पहिल्या दोन रांगा ज्यांच्यासाठी खेळ आहे त्यांच्या. माणसांनी मागे चटईवर बसायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

नवस होता मॅ लामूनचा. मॅ म्हणजे आई. त्या वयाच्या बाईला गावात सगळे तशीच हाक मारतात. तिचा एकुलता एक मुलगा खाजोन. सैन्यभरतीच्या सोडतीत त्याने मडक्यात हात घातला आणि लाल चिठ्ठी निघाली. लाल म्हणजे दोन वर्षं छावणी. हसत गेला. त्यालाही हे सिनेमे फार आवडायचे. त्याला वाटलं असेल, तसंच असतं. मॅ लामूनने ठाण्याला नवस बोलला : पोरगं सोंगक्रानला घरी येऊ दे, त्याच्या आवडीचा सिनेमा लावीन.

पोरगं सोंगक्रानच्या आधी घरी आलं. खिळे मारलेल्या पेटीतून. न्हाणीघरात पाय घसरून पडला, असं छावणीचं पत्र होतं. पेटी उघडू नये, अशी सूचनाही त्यात होती.

"नवस फेडायला हवा, पी थावी," ती मला म्हणाली. पी म्हणजे दादा, थावी माझं नाव. तिचा आवाज कोरडा होता. "राखणदाराने आणून दिला. मीच नवस नीट बोलले नाही."

"मॅ, यात तुमची काय चूक?"

"ते राहू द्या. मला एवढंच कळू द्या... तो पडला की त्याला पाडला? उद्या चार वाजता जाळायचं ठरवलंय त्यांनी. एकदा राख झाली की मला कोण सांगणार?"

'त्यांनी' म्हणजे छावणीने. पुष्पचक्र घेऊन, संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला एक माणूस पाठवला होता. सार्जंट चामनान. खाजोनच्या तुकडीला कवायत शिकवणारा. साध्या कपड्यांत होता, पण बुटांवरून कळत होतं. माझं ओळखपत्र पाहून त्याने दात दाखवले.

"पेपरवाले! आमच्यावर कधी असं हसरं लिहा की, या सिनेमासारखं. नेहमी काय रडगाणी?"

"लिहिलंय," मी म्हणालो. मला माझीच शिसारी आली.

संध्याकाळी सातला देवळात भिक्षूंचं पठण होतं, म्हणून खेळ साडेचारलाच सुरू झाला. भर उन्हात. राखणदाराला उजेडाचं काय? चित्र दिसो न दिसो, खेळ झाला की नवस फिटतो. पडद्यावर काहीच नव्हतं. ऊन होतं, आणि त्यात कुठेतरी पाण्यावरच्या तवंगासारखं काहीतरी हलत होतं. ऐकू येत होती फक्त यंत्राची घरघर आणि लुंग तेमचे आवाज. तापलेल्या पत्र्याचा, उदबत्तीचा आणि सरबताच्या गोडसर वासाचा थर साचला होता. मी टेपरेकॉर्डर चालू करून चटईवर ठेवला. सवय.

चामनान आला आणि सरळ पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसला.

चटईवर कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "अहो सार्जंट, तिथे नाही बसायचं."

"का? भुतं उठवतील मला?" त्याने समोरची बाटली उचलली आणि नळी तोंडात धरली. "तहान लागलीय हो, मावशी."

मॅ लामून बघत होती.

सिनेमा पुढे सरकत होता. चामनान मोठ्यांदा हसत होता, मांडीवर थापा मारत होता. संवाद त्याला पाठ होते. मलाही होते, हीच तर लाज. मग तो प्रसंग आला ज्यावर सगळा देश हसला होता. जाड्या रंगरूटाला शंभर उठाबशांची शिक्षा. सार्जंट डास मारायला वळतो, तेवढ्यात जाड्या 'सात'वरून थेट 'अठ्ठ्याण्णव'वर उडी मारतो. लुंग तेमने ते झकास काढलं. "पाच... सहा... सात... अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव! शंभर!" चटईवरचे हसले. चामनान तर सरबत नाकात जाईपर्यंत हसला.

"आठ," भोंग्यातून आवाज आला.

हळू. दमलेला. "नऊ... दहा..."

मला वाटलं, म्हाताऱ्याने नवीन विनोद घातला. लोकांनाही तसंच वाटलं असावं, कारण पंचवीस-तीसपर्यंत हसू चालू होतं. साठच्या आसपास ते विरलं. मी लुंग तेमकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. माईक मांडीवर पालथा पडला होता, आणि तो दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसला होता.

"एकशे बारा... एकशे तेरा..."

कोणी उठलं नाही. मीही नाही. आवाज विशीतल्या मुलाचा होता, आमच्याच भागातल्या बोलीचा. प्रत्येक आकड्याआधी श्वास ओढल्याचं ऐकू येत होतं.

दोनशेच्या पुढे सूर्य बांबूच्या बनामागे गेला आणि पडदा उमलायला लागला. आधी छावणीचं मैदान. मग ओळीत उभे अकरा रंगरूट, दात काढून हसणारे. मग त्यांच्या मागे, पाण्याच्या हौदापाशी, आणखी एक जण. किडकिडीत. उठत होता, बसत होता. तो चित्रात कधीच नव्हता. मी तो सिनेमा अकरा वेळा पाहिलाय!

"खाजोन," मॅ लामून म्हणाली. हाक मारावी तसं नव्हे; ओळखावं तसं.

"तीनशे चाळीस... सार्जंट... पाणी..."

पहिल्या रांगेत चामनानच्या हातात बाटली तशीच होती. त्याची मान ताठ झाली होती.

"तीनशे... एके... चाळीस..."

अंधारत गेलं तसं चित्र स्पष्ट होत गेलं. पोराचे पाय थरथरत होते. समोरचे अकरा जण अजून हसतच होते. त्या हसण्याला आवाज नव्हता.

"चारशे छत्तीस..."

खूप वेळ काही नाही. नुसती घरघर.

"चारशे... सदतीस."

हौदावर काहीतरी आपटलं. आणि मग त्या शांततेत चामनान बोलला. ओरडला नाही, कामाच्या आवाजात बोलला, रोजच्या.

"पाचशे म्हणालो ना. पाचशे म्हणजे पाचशे... नाटक करू नकोस. ऊठ."

आपण बोललो हे त्याला क्षणभराने कळलं. त्याने मागे वळून पाहिलं. चटईवरचं अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं.

मॅ लामून उठली, रिकाम्या खुर्च्यांमधून त्याच्यापर्यंत गेली आणि बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"हे त्याच्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "आणि उद्या चिता पेटायची नाही. तुझा कागद घेऊन जा."

रात्री मी टेप ऐकली. लुंग तेमचे विनोद, लोकांचं हसू, मग नुसती घरघर, एक आकडा नाही. शेवटी मात्र चामनानचा आवाज, लख्ख : 'पाचशे म्हणजे पाचशे. ऊठ.'

त्या टेपच्या जोरावर पेटी उघडली गेली. माझ्या ओळखीच्या सरकारी डॉक्टरने अहवाल लिहिला आणि माझ्यासमोर सिगारेटवर सिगारेट ओढली. मांड्यांचे स्नायू आतल्या आत फुटून रक्तात मिसळले होते. त्याने मूत्रपिंडं बंद पडली होती. न्हाणीघरात पडून असं होत नाही. मी सगळं लिहिलं. संपादकाने तीन ओळी छापल्या, सातव्या पानावर, हवामानाच्या खाली. मॅ लामूनला उत्तर मिळालं. तिने मुलाला स्वतःच्या हाताने अग्नी दिला. बाकी काय झालं? चौकशी 'चालू आहे'. चार वर्षं झाली. चामनानची बदली झाली आणि बढतीही. आता तो दुसऱ्या छावणीत नव्या पोरांना घडवतो. 'घडवतो' हा शब्द त्यांच्या पत्रकातला आहे.

लुंग तेमला मी म्हटलं होतं, ते रीळ जाळून टाक. त्याने ऐकलं नाही.

"प्रत्येक खेळाला पोरगं दोनचार आकडे पुढे जातं, पत्रकार. मी डब्यावर खडूने लिहून ठेवतो. त्याला पाचशे पुरे करायचे असतील तर अडवणारा मी कोण?"

परवा त्याचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"एक सुपारी आलीय. छावणीची. नव्या रंगरुटांच्या स्वागताला. सैनिकांचा विनोदी सिनेमाच हवा म्हणतात, म्हणजे पोरांची भीती जाते. साहेबांनी नाव घेऊन सांगितलंय, 'बोडक्यांची पलटण'."

"कोण साहेब?"

"तुला माहितेय कोण. त्या दिवशी काही झालंच नव्हतं, हे त्याला सगळ्यांना दाखवायचं असेल. विचारत होता, पुढच्या रांगेत बसायची सोय आहे ना? म्हटलं, आहे की. सरबतही ठेवतो."

मी विचारलं, डब्यावर शेवटचा आकडा कोणता आहे.

"चारशे नव्व्याण्णव," लुंग तेम म्हणाला.