मोरीमागची अर्थिंग

विहंगने पुण्याहून पाठवलेलं पार्सल आलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी. नांदुऱ्याची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. बारा वाजले की गल्ली ओस. कुत्री नालीत अंग टाकून पडतात. घरोघरी दारं लावलेली, आतून कूलरची घरघर, आणि बाहेर रस्ताभर नुसतं पांढरं ऊन. लोक उगाच रात्रीला भितात. आमच्याकडे खरी भ्यायची वेळ ही.

पार्सलमध्ये होती एक केबल. बोटाएवढी जाड, वरून काळं जाळीदार कापड विणलेलं, टोकाला तीन पिनांचा भरभक्कम प्लग. लक्ष्मीकांत बिडवई सरांनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि खूश झाले. सर जन्मभर शाळेत गणित शिकवत आले. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, यांनी अॅम्प्लिफायर घेतला, छातीएवढे उंच दोन स्पीकर घेतले आणि वडिलांच्या रेकॉर्डी माळ्यावरून काढून ऐकत बसले. शौक आहे, त्याला काय करणार? सगळं झकास होतं, पण गाण्याच्या मागे सतत एक बारीक घूंऽऽ चालायची. जाता जात नव्हती. मुलगा म्हणाला, बाबा, आधी ती कळकट पॉवर केबल बदला.

"एवढी जाड वायर तर बोअरच्या मोटारीलाही नसते," चारुलताबाई म्हणाल्या.

"ऐकशील तेव्हा बोल," सर म्हणाले.

केबल लावली. घूं तशीच. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग बोलावलं गोपाल इलेक्ट्रिशियनला. अर्ध्या नांदुऱ्याची वायरिंग त्याच्या हातची. त्याने बोर्डाला टेस्टचा बल्ब लावून पाहिला, दोन ठिकाणी भिंत ठोकली आणि मान हलवली.

"सर, हे केबल बिचारी काय करन? तिची तिसरी पिन जमिनीले पाह्यजे न. तुमच्या घराले अर्थिंगच नाही. तार भितीत येऊन खिळ्याले गुंडायली आन् खतम."

"मग?"

"मंग काय, खड्डा खंदा लागते. कोळसा, मीठ, आन् मधात उभा पाइप. जागा ओली पाह्यजे पण."

जागा सरांनीच दाखवली. परसात मोरीमागे, लिंबाच्या सावलीत. तिथली माती उन्हाळ्यातही गार असायची.

दोन फूट खणल्यावर गोपालला शहाबादी फरशी लागली. आडवी, नीट बसवलेली. त्याने पहारीने ती उचकटली. खाली पांढरी ढेकळं, दगडासारखी घट्ट झालेली. गोपालने चिमूट जिभेला लावली.

"सर, हे तं मीठ हाय. इथं आंधीच कोन्तरी अर्थिंग केली होती. पाइप सडून गेला असन."

"अण्णांनी केली असेल," सर म्हणाले. घर अण्णांनीच बांधलं होतं. बाप दूरदृष्टीचा निघाला म्हणून सरांना जरा बरंही वाटलं.

"मंग अजून खंदाचं काम नाही. इथंच ठोकतो."

गोपालने लोखंडी पाइप उभा धरला आणि घणाने ठोकत खाली घातला. एके ठिकाणी तो वीतभर आपसूक गेला, पोकळीत गेल्यासारखा. मग पुन्हा कठीण लागलं. वर कोळसा आणि नवं मीठ टाकून त्याने हिरवी वायर आत आणली. जाताना बजावून गेला, "रोज बादलीभर पानी टाकत जा. सुकली की अर्थिंग मरते."

सरांनी बटण दाबलं. घूं गेली होती. सर डोळे मिटून बसले. रेकॉर्ड संपली, सुई उचलली गेली, तरी ते बसूनच राहिले. आणि त्या शांततेत त्यांना श्वास ऐकू आला.

बारीक होता. भरभर चालायचा, मध्येच अडायचा, पुन्हा चालायचा. सरांनी कूलर बंद केला. आवाज उजव्या स्पीकरमधून येत होता. मुलाला फोन लावला तर तो हसून म्हणाला, बाबा, मागचा आवाज गेला की आधी न ऐकलेलं ऐकू येतंच. सरांचं समाधान झालं. गणिताच्या माणसाला कारण मिळालं की पुरतं.

इतक्यात चारुलताबाई कणकेचे हात घेऊन दारात आल्या. तिथेच थबकल्या.

"ही कोणती रेकॉर्ड?"

"रेकॉर्ड नाहीच. रिकामी मशीन चालू आहे."

बाई हळूहळू खाली बसल्या. कणकेचे हात मांडीवर तसेच. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "उचकी लागलीये तिला..."

"कोणाला?"

बाई स्पीकरच्या अजून जवळ सरकल्या.

आता इथे मागचं सांगावं लागतं. विहंगच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. एकोणीसशे एकोणनव्वदचा श्रावण. सर तेव्हा दुसरबीडच्या शाळेत, बाई इथे सासरी. मुलगी नऊ दिवस जगली. बारसंही झालं नाही. तार गेली होती सरांना, दोन वेळा. पण सर पोचले बाराव्या दिवशी. सगळ्यांना सांगितलं की नद्यांना पूर होता, गाड्या बंद होत्या. गाड्या दोनच दिवस बंद होत्या. खरं हे की सर भ्यायले. मेलेलं लेकरू हातात घ्यावं लागेल म्हणून भ्यायले. आल्यावर अण्णांनी सांगितलं, गावाबाहेर नाल्याच्या काठी ठेवलं. सरांनी जागा विचारली नाही. नवरा-बायकोत पुन्हा तो विषय निघाला नाही, पस्तीस वर्षं.

दुसऱ्या दिवसापासून चारुलताबाई दुपारची भांडी तशीच टाकून स्पीकरसमोर बसू लागल्या. खड्ड्याला पाणीही त्याच घालायच्या. जेवण तुटलं. आठ दिवसांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सर रागावले, विनवण्या केल्या, डॉक्टरांना घरी आणलं. रक्त-लघवी सगळं ठीक. पण बाई डोळ्यांदेखत वाळून चालल्या होत्या. या बाईशिवाय आपलं काय, हा विचारच सरांनी कधी केला नव्हता.

एका दुपारी सर परसात गेले. बाई खड्ड्याशी उकिडव्या बसून वाटीतून काहीतरी सोडत होत्या. पांढरं.

"चारू, काय करून राहिलीस? दूध काऊन ओततेस मातीत?"

बाईंनी वर पाहिलं. चेहरा शांत होता. "पाण्यानं भागतं का तिचं?"

सर आत आले. फ्रिज उघडला. दुधाचं पाकीट होतं तसंच होतं, कोपराही कापलेला नव्हता. दुसरं दूध घरात आलेलं नव्हतं. मग मागून बाई आल्या, तेव्हा सरांची नजर त्यांच्या ब्लाउजकडे गेली. समोरून दोन्हीकडे ओला होता. बासष्ट वर्षांची बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सर वरवट बकालला गेले. अंबूबाई तिथे लेकीकडे राहायची. तेव्हा बिडवयांच्या घरी बाळंतपण तिनेच केलं होतं. आता पंच्याऐंशीच्या घरात, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाजावरून तिने ओळखलं.

"अंबूबाई, आमची मुलगी कुठे पुरली?"

म्हातारीने चाचपत सरांचं मनगट धरलं. मग म्हणाली, "अण्णानं मले शपथ घातली होती, भाऊ. आता अण्णाबी नाही न शपथबी नाही. नाल्याले पूर होता. पानी पाह्यल्यावर तुमचा बाप माघारी फिरला. मंग मोरीमांगं खंदलं. पाच किलो मीठ टाकलं, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हनून वरतून फरशी देल्ली. मायले सांगू नको म्हने, ते तिथून हालायची नाही."

सर बसमधून कसे आले ते त्यांना आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट ठोकत होती, पाइप जिथे वीतभर आपसूक गेला ती जागा.

घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. अर्थातच गल्लीत कोणी नव्हतं. आत चारुलताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडी घालून, डावा हात कोपरात वाकवलेला. मशीन चालू होती. श्वास आता शांत, एका लयीत चालला होता.

सर सरळ मशीनच्या मागे गेले आणि केबलच्या प्लगवर हात ठेवला.

"नका काढू," बाई कुजबुजल्या. "आत्ता डोळा लागलाय तिचा."

"चारू, तू मरशील गं अशानं. मला ते चालायचं नाही."

"तेव्हा आला नाहीत तुम्ही... मी दाराकडे बघत होते नऊ दिवस. निदान आता तरी..."

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यांनी प्लग ओढला. मशीनचा लाल दिवा विझला. केबल त्यांच्या हातात लोंबत राहिली.

क्षणभर सगळं बंद. मग पुन्हा श्वास सुरू झाला. स्पीकरमधून नाही. तो खोलीतून येत होता, बाईंच्या मांडीवरून. सरांना तिथे वाकलेला हात आणि लुगड्याचा पदर एवढंच दिसत होतं. श्वास अडखळला, आणि कोवळ्या लेकराचं रडणं सुरू झालं.

"उठवलंत ना," बाई म्हणाल्या.

रडणं वाढलं. कुंपणापलीकडून शेजारच्या सत्यभामाबाईंचा आवाज आला, "वहिनी, कोनाचं लेकरू आलं वो? केव्हाचं रडून राह्यलं."

म्हणजे हे त्यांनाही ऐकू येत होतं. चारुलताबाई उठल्या. दोन्ही हात पुढे करून, जपून, त्यांच्यासमोर आल्या.

"घ्या. तुम्ही घेतलंच नाहीत कधी."

सर मागे सरकले. पाठ भिंतीला लागली. बाई थांबून राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांपूर्वी सरांनी बघायचं टाळलेलं सगळं होतं. सरांनी हात पुढे केले. हातांवर वजन आलं. गार होतं, जरा ओलसर. रडणं हळूहळू थांबलं.

त्या दिवशी रात्री चारुलताबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या. आता त्या ठणठणीत आहेत. अंगही भरलंय. गोपालने पाइप उपसून खड्डा बुजवून दिला. खाली त्याला मातीशिवाय काही सापडलं नाही, मीठसुद्धा नाही. स्पीकरवर चादर टाकलीये.

सरांचा डावा हात मात्र कोपरात वाकला तो वाकलाच. भर दुपारी ते ओट्यावर येरझाऱ्या घालतात. कोणी हाक मारली तर ओठांवर बोट ठेवतात. जूनमध्ये बाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. समता सिस्टरने काट्यावर उभं केलं, आकडा आला एकसष्ट. ती म्हणाली, सर, हात सरळ करा बरं. सर बायकोकडे वळून म्हणाले, "धर गं जरा." बाईंनी हात पुढे केले. सरांचा हात सरळ झाला आणि काट्यावर अठ्ठावन्न आले. सिस्टरने काटा बिघडला म्हणून दोनदा बंद-चालू करून पाहिला. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा नेलं. सर फार वाळले होते, गालफडं बसली होती, शर्ट खांद्यावरून उतरत होता. काट्यावर एकोणसाठ. बाईंनी हात पुढे केले, तेव्हा त्रेपन्न.

समता सिस्टर दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली. ही बाई आठवड्यातून दोनदा लेकरांची वजनं करते, तिला वजाबाकी शिकवावी लागत नाही.

चारुलताबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "सहा महिन्यांच्या मानाने बरं आहे ना हो, सिस्टर?"

"हो," सिस्टर म्हणाली. सवयीने तोंडून निघून गेलं तिच्या.