बॉयलरवाली आणि विजेवर तापणारा कोळसा

तो पहिल्यांदा दिसला तो माझ्या वाफेच्या नळीत पाय अडकून माझ्याच पुढ्यात पालथा पडलेला. चष्मा एकीकडे, फाइल दुसरीकडे.

"एवढा वाकून नमस्कार नको हो," मी म्हटलं.

"मी... विजेच्या ट्रायलसाठी आलोय."

म्हणजे माझ्या पोटावर पाय द्यायला! आमच्या छापखान्यात शाईतला थिनर उडतो, तो कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या पिंपात अडकवतात. दाणे थिनर पिऊन टम्म झाले की मी बॉयलरची वाफ सोडून तो बाहेर काढते. हा चष्मिस म्हणे थेट कोळशातूनच वीज सोडणार. कोळसा तापेल, थिनर सुटेल, गार होऊन बाटलीत ठिबकेल. बॉयलर नको. मग बॉयलरवाली तरी कशाला?

आणि मेला दिसायला बरा होता. माझ्या गालाला काजळी लागली की रुमाल पुढे करायचा — मान मात्र मीटरकडे.

"मीटर लाजेल की, एवढं टक लावून बघताय ते!"

"मीटर नाही... मी लाजतोय."

घ्या!

सातव्या दिवशी गाडं अडलं. कोळसा मधोमध लालबुंद, कडेला गारढोण. बाटली कोरडी. छापखान्याचे साहेब म्हणाले, "आज चारपर्यंत जमलं नाही तर गाशा गुंडाळा."

मला कारण कळलं होतं. दाणे सैल भरलेले. वीज सापडेल त्या एकाच वाटेनं पळत होती. गप्प बसले तर नोकरी वाचत होती. खोटं कशाला सांगू, अर्धा तास गप्प बसलेही. मग तो फाइली आवरायला लागला... आणि मी उठलेच.

"वीज बंद करा!" पाना घेऊन मी पिंप चहूबाजूंनी ठोकलं. आवाज भरीव येईपर्यंत. "बसले दाणे. आता वरची विजेची पट्टी दाण्यांवर आवळा. बघत काय राहिलात?"

वीज सुरू झाली. थोड्या वेळानं — टप. टप. टप.

साहेब बाटलीकडे धावले. तो माझ्याकडे बघत होता.

"तुमचा बॉयलर बंद होईल, ठाऊक होतं ना? मग का?"

"तुम्ही गेलेलं मला चालणार नव्हतं. झालं समाधान?"

कानापर्यंत लाल होऊन तो साहेबांकडे वळला. "या मशीनवर याच राहतील. नसतील तर मशीन परत नेतो. दाणे नीट बसलेत का, हे आवाजावरून मला ओळखता येत नाही."

"राहू देत," बाटलीवरची नजर न काढता साहेब म्हणाले.

"आणि..." तो पुन्हा माझ्याकडे वळला, "मशीनचं झालं. माझं... म्हणजे आपलं..."

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा."